साखरशेतच्या तळ्यातला करडा मासा

१

जाळं दोनदा ओढून झालं तरी बोटाएवढा मासा हाती लागेना, तेव्हा ढोल वाजवणाऱ्याचे हात आपोआप थांबले.

साखरशेतच्या बायकांच्या गटाने ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात या तळ्यात रोहू-कटल्याचं जिरं सोडलं होतं. अंड्यातून नुकतीच निघालेली ही पिल्लं खरोखरच स्वयंपाकातल्या जिऱ्याएवढी असतात. दीड महिना त्यांना कोंडा आणि पेंड घालायची, बोटभर वाढवायची आणि मग आसपासच्या गावांच्या तळ्यांना पुरवायची, असा बेत होता. जव्हार-मोखाड्यात हे काम बायकांनी पहिल्यांदाच अंगावर घेतलं होतं. आज मोजणी होती. गटाची अध्यक्ष मंजुषा हिने त्यासाठी जव्हारहून आशालताबाईंना पाहुण्या म्हणून बोलावलं होतं.

आशालताबाईंनी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात हिवतापाचे रक्तनमुने काचपट्टीवर घेऊन तपासले होते. तालुक्यात त्यांना नावाने कमी आणि ‘काचवाल्या बाई’ म्हणून जास्त ओळखत. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण डोळ्यांची सवय सुटली नव्हती. समोर येईल ते त्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यासारखं बघत.

तिसऱ्यांदा जाळं काठाला आलं. त्यात पालापाचोळा, दोन खेकडे आणि बोटभर वाढलेल्या सात बोटुकल्या निघाल्या.

“हजारोंनी सोडली होती, बाई!” मंजुषाचा आवाज चिरकला. “सात?”

गर्दीतून तुळशीदास पुढे आला. मासळीचा व्यापारी. या तळ्यासाठी त्यानेही अर्ज केला होता, पण ग्रामसभेने ते बायकांना दिलं होतं. “पाला कुटून टाकलाय पाण्यात. पाल्याने मासा गुंगतो, मग हाताने गोळा करायचा. ही विद्या गावात कुणाला येते ते सगळ्यांना ठाऊक आहे.”

सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. तिकडे पुंजा उभा होता. साठी ओलांडलेला, हडकुळा, कमरेला पंचा. गेल्या आठवड्यात पहाटे टोपली घेऊन तळ्यावर त्याला दोघांनी पाहिलं होतं.

“मी नाय केला,” तो एवढंच म्हणाला आणि खाली बघायला लागला.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेला सहा दिवस उरले होते. तळं बायकांकडे ठेवायचं की काढून घ्यायचं, हे तिथे ठरणार होतं. पुंजाचं काय करायचं ते तर लोकांनी काठावरच ठरवून टाकलं. त्याच्या कापणीला यंदा कुणी जायचं नाही.

आशालताबाई या गलक्यात नव्हत्या. सातपैकी एक बोटुकली तळहातावर घेऊन त्या बघत होत्या. तिच्या शेपटीची कड कुरतडलेली होती. त्यांनी दुसरी घेतली, तिसरी घेतली. सातही शेपट्या कुरतडलेल्या.

“मंजुषा, मच्छरदाणीचा एखादा तुकडा मिळेल?”

तुकडा आला. बाईंनी साडी वर खोचली, गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि काठाच्या गवताखालून तो बारीक जाळीचा तुकडा फिरवून वर उचलला. जाळीत दीडशेभर इवले मासे तडफडत होते. सपाट डोकं, वर वळलेलं तोंड, फुगीर पोट.

बाईंनी जाळी डोळ्यांजवळ धरली. डासांच्या अळ्या खाणारे असे मासे त्यांनी स्वतःच्या हाताने तालुक्यातल्या विहिरी-टाक्यांत वर्षानुवर्षं सोडले होते.

२

“बाई, ते तर पावसात येतात ते बारके मासे,” मंजुषा म्हणाली. “काठाला दिसायचे. जाळ्यातून निसटायचे. आम्ही लक्षच दिलं नाही.”

“ते पावसात येत नाहीत. ते कुणीतरी आणावे लागतात. आपल्या देशातलेच नाहीत ते.” बाईंनी काचेच्या बरणीत वीस-पंचवीस मासे घेतले. “आधी पुंजाबाबांकडे चल.”

पुंजाच्या अंगणात त्याची बायको गोजाबाई नाचणी पाखडत बसली होती. दोघींना बघून ती ताडकन उठली. “आता काय ऱ्हायलाय? मानूस जेवलाय नाय सकाळपून.”

“मी विचारायला आलेय, सांगायला नाही,” आशालताबाई म्हणाल्या आणि सरळ जमिनीवर बसल्या. “पुंजाबाबा, त्या पहाटे तळ्यावर काय करत होतात?”

पुंजाने बायकोकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, “खेकडं धरत व्हतो. बायांनी पाटी लावलीय, तळ्यातला काय काढायचा नाय. मी काढला. त्याची लाज वाटली, म्हनून बोललो नाय.”

“टोपली बघू.”

बांबूची जुनी टोपली आली. बाईंनी तिच्या एका फटीतून आपलं बोट आरपार घातलं आणि मंजुषाकडे बघितलं. “दीड महिन्याचा मासा बोटाहून जाड नसतो. या टोपलीत तो टिकेल? गळून जाईल. आणि पाल्याने पाणी विषारी झालं असतं तर मेलेले मासे वर आले असते, खेकडेही सुस्तावले असते. आज जाळ्यात खेकडे आले ते कसे होते?”

“एकाने माझं बोट धरलं,” मंजुषा म्हणाली आणि दिवसभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

“म्हणजे विष नाही, चोरी नाही. जिरं कुणी नेलं नाही, ते खाल्लं गेलंय.”

गोजाबाईने बरणीकडे बोट केलं. “ह्या टिचभर माशांनी?”

“ह्यांनीच. जिरं दिसलं की तोंडात, मोठं झालेलं असलं तर शेपटी.” बाईंनी बरणी उन्हाकडे धरली. धरली आणि तशाच राहिल्या. मग चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा बघितलं.

“काय झालं, बाई?”

“आमच्या दवाखान्याच्या टाकीत गप्पी मासे होते. त्यांच्या नरांच्या शेपट्या रंगीत असतात. लाल, पिवळ्या, निळ्या. मघाच्या दीडशे माशांत मला एकही रंगीत दिसला नाही. नर-मादी सगळे करडे.” त्यांनी बरणी खाली ठेवली. “हा गप्पी नव्हे. हा गॅम्बुशिया. दिसायला त्याच्यासारखा, वागायला गुंड. गप्पीही परकाच, पण हा पिल्लांवर तुटून पडतो. आमच्या टाकीत हा कधीच नव्हता.”

“मग आला कुठून?”

“आधी तुळशीदासला विचारू,” म्हणत बाई उठल्या.

३

तुळशीदासचं दुकान जव्हारच्या बाजारात होतं. बाईंनी बरणी त्याच्या गल्ल्याशेजारी ठेवली. मंजुषा दारात उभी राहिली. त्याच्याशी बोलायची तिची इच्छा नव्हती.

“हेच का ते?” तुळशीदासने वाकून बघितलं. “बाई, मी तीस वर्षं या धंद्यात आहे. बगळा एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातो, त्याच्या पायाला माशाची अंडी चिकटतात. आले असतील तसे. देवाची करणी. बायकांनी उगाच मनाला लावून घेऊ नये. तळं द्यावं सोडून.”

“शेठ, जरा या मोठ्या मादीकडे बघा. पोटावर काळा डाग आहे ती.”

दुकानातली दोन गिऱ्हाइकंही वाकली. मादी बरणीच्या तळाशी थरथरत होती. एकदम तिच्या पोटाखालून दोऱ्यासारखं काहीतरी बाहेर पडलं, वळवळलं आणि पोहायला लागलं. मग दुसरं. मग तिसरं.

“आयला! ही तर पिल्लं घालते!” एक गिऱ्हाईक ओरडलं.

“हा मासा अंडी घालतच नाही,” आशालताबाई म्हणाल्या. “मग बगळ्याच्या पायाला काय चिकटणार? तळं वरून झऱ्याच्या पाण्यावर भरतं, तिथून मासा येत नाही. खाली सांडव्याला दोन पुरुष उंच कातळ आहे. तो चढून हा एवढासा जीव येणार नाही. तेव्हा माणसाच्या हाताशिवाय हा तिथे पोचू शकत नाही.”

तुळशीदासचा चेहरा आवळला. “माझ्यावर संशय घेताय?”

“घेतला होता. तो राहील की जाईल ते तुमच्या उत्तरावर. आता एकच सांगा. सांडव्याचं पाणी कातळावरून पडून पुढे कुठे जातं?”

“पुढे ओहोळाने…” तो बोलता बोलता थांबला. त्याचं स्वतःचं तळं त्याच ओहोळाच्या काठी होतं, साखरशेतच्या खाली अर्ध्या कोसावर. यंदा त्यातही त्याने जिरं सोडलं होतं. “अरे देवा. माझ्याही तळ्यात जिरं आहे. हे तिकडे उतरले तर?”

“चढता येत नाही, पण पडता येतं,” बाई म्हणाल्या. “स्वतःच्या पिल्लांच्या डोक्यावर कुणी हा मासा सोडणार नाही. तेव्हा ते तुम्ही नव्हे.”

अर्ध्या तासात तुळशीदास स्वतःच्या टेम्पोत बारीक जाळीचं भेंडोळं टाकून साखरशेतच्या वाटेला लागला होता. त्याने आणि बायकांनी मिळून सांडव्याचं तोंड जाळीने बंद केलं. मग खालच्या ओहोळात चार जागी आणि तुळशीदासच्या तळ्यात मच्छरदाणी फिरवली. बारक्या शिंगटीची पिल्लं मिळाली, मळ्या मिळाला, एक वामही मिळाली, सगळे इथलेच मासे. करडा मासा एकही नव्हता. वाहत्या पाण्यात तो टिकला नव्हता.

तुळशीदास काठावर मटकन बसला. “वाचलो,” तो म्हणाला, आणि मग मंजुषाकडे न बघता, “पुंजाला मी उगाच बोललो.”

दरम्यान आशालताबाई वर तळ्याच्या काठाशी मासे आकाराप्रमाणे वेगळे करत बसल्या होत्या. मोठ्या माद्या एका ताटलीत. पेरभर लांबीचे दुसरीत. नखाएवढे तिसरीत. अधलंमधलं काहीच नव्हतं.

“मंजुषा, इकडे ये. मासे वर्षभर इथे असते तर सगळ्या मापांची सरमिसळ दिसली असती. इथे आया आहेत आणि फक्त दोन विणी. महिन्याला एक वीण धर. म्हणजे आया इथे येऊन सहा-सात आठवडे झाले.”

मंजुषाने बोटांवर मागे मोजलं. “ऑगस्टचा दुसरा आठवडा. बाई, आम्ही जिरं सोडलं तोच आठवडा!”

४

करडा मासा तालुक्यात कुठे पाळला आहे, हे शोधायला दोन दिवस गेले. शिरपामाळला जाणाऱ्या पर्यटकांसाठी अलीकडे एक विश्रामगृह निघालं होतं. तिथे कमळांचा हौद आहे, असं कुणीतरी सांगितलं. मालक ऋषिकेश नावाचा तरतरीत तरुण होता.

हौदात गुलाबी कमळं होती आणि पानांखाली करड्या माशांचे थवेच्या थवे.

“ठाण्याच्या रोपवाटिकेतून कमळं आणली, त्यांच्याबरोबर आले, मॅडम,” तो मोकळेपणाने म्हणाला. “डास अजिबात नाहीत आमच्याकडे. काही चुकलं का?”

“साखरशेतला कधी गेला होतात?”

“रस्त्यावरून गेलोय. गावात नाही.”

“हे मासे कुणाला दिलेत?”

“नाही. ऑगस्टचा जवळजवळ पूर्ण महिना मी ठाण्यात होतो, आईचं ऑपरेशन होतं. पावसात इथे बंदच ठेवतो. माळीही गावी गेला होता.”

म्हणजे त्या आठवड्यात हौदावर कुणीच नव्हतं. कुणीही यावं आणि न्यावं. बाईंना वाटलं, धागा इथे तुटला. त्या परत फिरल्या. पंपाच्या खोलीवरून जाताना त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं आणि पाय थबकले.

भिंतीवर वळचणीखाली, पावसापासून बचावलेल्या जागी, गेरूने तारीख लिहिली होती. १२/८. तारखेखाली दोन आडव्या रेघा आणि पुढे ‘उ’.

डासांच्या अळ्या तपासायला आरोग्य कर्मचारी फिरतो, तेव्हा तपासल्याची खूण म्हणून भिंतीवर तारीख टाकतो. तारखेखाली दोन रेघा मारायच्या, म्हणजे दुरून वाचता येतं, ही सवय बाईंनीच एका माणसाला लावली होती. उमेशला. अकरा वर्षं तो त्यांच्या हाताखाली शिकला होता. त्यांच्या निरोपसमारंभात भाषण करताना रडला होता.

“मंजुषा,” त्या कशाबशा म्हणाल्या, “तुमच्या घराच्या भिंतीवर शेवटची तारीख कुठली आहे गं?”

मंजुषाला आठवायला वेळ लागला नाही. दाराशेजारीच होती ती, रोज दिसायची.

“बारा ऑगस्ट, बाई.”

५

दवाखान्यात उमेश कागद लावत बसला होता. बाईंना बघून लगबगीने उठला, खुर्ची पुसली, चहा सांगितला. त्याच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

“ऑगस्टचं रजिस्टर दाखव.”

त्याने दाखवलं. बारा तारखेला साखरशेत, दोन विहिरींत गप्पी मासे सोडले, अशी नोंद होती. अक्षर नेहमीसारखं नेटकं.

“मंजुषाने सकाळी दोन्ही विहिरींतून पन्नास-पन्नास बादल्या काढल्या. पाण्यात मासा नाही.” बाईंनी रजिस्टर मिटलं. “ते राहू दे. मला एवढंच सांग, बारा तारखेला तू गप्पी आणलेस कुठून? मागची टाकी जूनमध्ये तडकली. पंधरा ऑगस्टला मी झेंडावंदनाला आले होते, तेव्हा ती कोरडी होती. तळाला पाल मरून पडली होती, तीही मी बघितली.”

उमेश हातातले कागद पुन्हा पुन्हा सारखे करत राहिला.

“त्या दिवशी सकाळी तू शिरपामाळला होतास आणि दुपारी साखरशेतला. तुझीच खूण आहे, दोन्हीकडे.”

मग तो खुर्चीत बसला आणि सगळं सांगून टाकलं. टाकी फुटली आणि मासे मेले, हे त्याने वर कळवलं नव्हतं. त्याची नेमणूक कंत्राटी, मुदत संपत आलेली. साखरशेतला मासे सोडल्याची नोंद दाखवायची होती. त्या हौदात हवे तेवढे दिसले. त्याने दोन कॅन भरले. साखरशेतला पोचला तेव्हा पावसाने विहिरींकडची वाट वाहून गेली होती. तळं रस्त्याला लागून होतं. दोन्ही कॅन तिथेच ओतले.

“मला गप्पीच वाटले, बाई. शपथ. बायकांनी दोन दिवसांपूर्वी जिरं सोडलंय, हेही माहीत नव्हतं.”

“ते मी मानलं. चूक कुणाचीही होते. पण पुंजाला धरलं, तेव्हा तुला कळलं होतं ना?”

उमेशने मान हलवली. “कळलं होतं. चार दिवस झोप नाही. बोलायला निघायचो आणि परत फिरायचो.”

आशालताबाई उठल्या. या माणसाला त्यांनी सूक्ष्मदर्शकात बघायला शिकवलं होतं. रक्तात दिसलेला जंतू लपवायचा नसतो, रोगी आपला भाऊ असला तरी, हेही शिकवलं होतं. त्यांना वाटलं, ते दुसरं शिकवणं कुठेतरी अपुरंच राहिलं.

“परवा ग्रामसभा आहे. मासा कसा आला ते मी सांगणार. कुणी आणला, ते तू सांगायचंस. तू नाही आलास तर तेही मीच सांगेन. पण मग तुझ्याशी माझं बोलणं संपलं.”

६

दोन ऑक्टोबरला शाळेच्या पटांगणात बसायला जागा नव्हती. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. पुंजा आणि गोजाबाई सगळ्यांत मागे, एकटे. आशालताबाईंनी टेबलावर तीन बरण्या, फटींची टोपली आणि कुरतडलेल्या शेपटीची बोटुकली मांडली, आणि एकेक वस्तू उचलून बोलायला लागल्या. टोपलीतून बोट काढून दाखवलं. बगळ्याची गोष्ट आली तेव्हा तुळशीदासने स्वतः उभं राहून कबूल केलं की ते त्याचं अज्ञान होतं. दोन विणींचा हिशेब मंजुषाने सांगितला, न अडखळता.

“तेव्हा हा मासा बारा ऑगस्टला माणसाच्या हातून आला,” बाई म्हणाल्या.

“कोनाच्या?” मागून कुणीतरी ओरडलं. मग चहूकडून. “नाव सांगा! नाव!”

बाईंनी फाटकाकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. त्यांनी एक क्षण वाट पाहिली, आणखी एक क्षण पाहिली. शेवटी बोलायला तोंड उघडलं.

“माझ्या हातून.”

आवाज पुरुषांच्या गर्दीतून आला होता. उमेश फाटकातून येणार नव्हताच, तो केव्हाचा खाली मान घालून माणसांत बसलेला होता. तो उठला आणि टेबलाकडे न जाता उलट दिशेला चालत गेला, सगळ्यांत मागे, पुंजासमोर.

“बाबा, मासे मी सोडले. चुकून सोडले. पण तुमचं नाव घेतलं तेव्हा मी गप्प राहिलो, ते चुकून नव्हतं.” त्याने वाकून पुंजाच्या पायांना हात लावला.

पटांगणातली सगळी माणसं मागे वळली. पुंजा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने उमेशच्या दंडाला धरून त्याला उभं केलं.

“बोललास ना. झाला तं मग. आता तला साफ करायला ये. आन् मी खेकडं काढलं त्याचा काय दंड तो बायांनी सांगावा.”

पहिल्यांदा गोजाबाई हसली. मग बायकांची सगळी बाजू हसली, मग पुरुष. सरपंचांनी तळं बायकांकडेच ठेवायचं का म्हणून विचारलं, तेव्हा इतके हात वर झाले की मोजायची गरजच पडली नाही.

भातं घरात आल्यावर तळं उपसलं. तुळशीदासचा पंप, ऋषिकेशच्या गाडीतून आलेलं डिझेल आणि पाणी जाईल तिथे दुहेरी जाळी. ऋषिकेशने आपला हौद आधीच कोरडा करून टाकला होता. उरलेला चिखल पुंजाने पायाने चाचपून चाचपून दाखवला. कुठल्या कपारीत पाणी धरून राहतं, ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. उमेश रोज कामावरून सुटला की थेट येऊन त्या कपाऱ्या उपसायचा. त्याला दवाखान्यातून नोटीस मिळाली, खुलासा द्यावा लागला, पण नोकरी राहिली. तळाला भेगा पडेपर्यंत ऊन खाऊ दिलं, मग चुना टाकला. होळीनंतर आशालताबाईंनी तळाशी फिरून एकेक खड्डा स्वतः तपासला. करडा मासा नव्हता.

पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये जाळं ओढायला बारा बायका लागल्या आणि तरी ते जड झालं. बोटुकल्या उन्हात उसळत होत्या, पाणी तोंडावर उडत होतं, मंजुषा मोजता मोजता आकडा विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. वावर गावाच्या पुढच्या वांगणीतून आठ बायका खराब रस्त्याने जीप करून आल्या होत्या. त्यांना आपल्या तळ्यासाठी बोटुकल्या हव्या होत्या आणि काम शिकायचं होतं.

“आमाला पन जमंल का हो?” त्यांच्यातली सुकरी नावाची बाई आशालताबाईंना विचारत होती.

“मला काय विचारतेस? मला काचेतलं कळतं. तळ्यातलं या मंजुषाला विचार.”

मंजुषाने पाणी आणि हवा भरून फुगवलेली पिशवी सुकरीच्या हातात दिली. सुकरीने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. आत शंभर मासे गोल गोल फिरत होते, सगळ्यांच्या शेपट्या अखंड. ती जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली, पिशवी मांडीवर घेऊन, आणि ड्रायव्हरला म्हणाली, “हळू चालव रे. पोरां हायत.”